सतरा नंबरचा ‘उ’

‘‘उ मारा अन् चला मॅडम, गाडी तापून रायली,’’ पोचूभाऊनं स्टिअरिंगवरून मान मागे वळवून सांगितलं.

अकरा दिवस तो हेच सांगत होता, आणि अकरा दिवस सुकेशिनी निमसरकार हेच करत होती. सतरा नंबरच्या जागी गाडी लागली, आकडा वाकडा आला, एसीचा पिवळा दिवा पेटलेला दिसला, की टॅबलेटवरच्या एका चौकोनात ‘उ’ टाकायचा आणि अठरा नंबरकडे निघायचं. उ म्हणजे उष्णताबाधित. पिंपळबोडीच्या मे महिन्यात उष्णताबाधित नसतं काय? माणसं, म्हशी, नळाचं पाणी, सगळ्यांनाच उ मारावा अशी आग वरून पडत असते.

आज बाराव्या दिवशी तिचं बोट त्या चौकोनापर्यंत गेलं आणि अडलं. गाडीच्या काचेतून समोरची अंगणवाडी दिसत होती. दाराशी, खिचडीची ताटली मांडीवर घेऊन, तिची साडेतीन वर्षांची अन्वी बसली होती. अन्वीचा आज पहिला दिवस होता.

‘‘थांबा भाऊ. आज जोडी तपासते.’’

‘‘चाळीस मिनिटं?’’ पोचूभाऊनं गळ्यातल्या दुपट्ट्यानं कपाळ पुसलं. ‘‘तेवढ्यात मी शिजून जाईन. मग मलेच टाका त्या खिचडीत.’’

‘‘कडुनिंबाखाली बसा जाऊन. अन् खिचडी मिळाली तर मलाही आणा.’’

पिंपळबोडी ही कोळसा कामगारांची जुनी वसाहत. तिच्या पोटातून सहा नंबरची खाण गेलेली, आणि ती बंद होऊनही आता अठ्ठावीस वर्षं झालेली. कोळसा काढून झाला की मोकळ्या झालेल्या दालनांत नदीची रेती पाण्याबरोबर सोडायची, ती ठासून भरायची आणि मगच खाणीचं तोंड बुजवायचं, असा कायदा. कागदोपत्री सगळीकडे भराई झालेली होती. पण तिकडे दुसऱ्या एका तालुक्यात भरलेली म्हणून नोंदलेली जमीन एका सकाळी दोन घरं घेऊन खाली गेली, तेव्हा सरकारला जाग आली. अशा प्रत्येक वसाहतीखालची जमीन रोज तपासायची असं ठरलं, आणि ते काम ‘भूवेध’ नावाच्या संस्थेला मिळालं. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन पाच वर्षं घरी बसलेल्या सुकेशिनीला त्यातच नोकरी लागली. एक गाडी, एक यंत्र, रोजच्या चाळीस जागा. सतरावी जागा अंगणवाडीच्या फाटकासमोर.

लोक त्या यंत्राला बर्फाची पेटी म्हणत. बर्फ त्या मानानं कढत म्हणायचा. पेटीच्या पोटात रुबिडियमच्या अणूंचा मोहरीच्या दाण्याहूनही बारीक असा एक ढग तरंगत असे. लेझरच्या किरणांनी त्याची हालचाल काढून घेत घेत त्याला इतकं गार केलेलं असे, की निरपेक्ष शून्य तिथून अंशाच्या काही अब्जांश भागांवर यावं. बाहेर सेहेचाळीस अंश, आणि स्टीलच्या दोन पत्र्यांपलीकडे निसर्गानं आपणहून कुठे केली नसेल अशी थंडी. तेवढ्या थंडीत अणू आपलं एकेकटेपण सोडतात. सगळ्यांची मिळून एकच लाट होते, निश्चल, पहाटेच्या तळ्यासारखी.

मग यंत्र त्या तळ्याला झटका देतं. ढगाला धरून ठेवणारी प्रकाशाची चिमटी एका क्षणात आवळतं. आता गंमत अशी, की पुंजभौतिकीत पूर्ण शांतता नसतेच. सगळ्यात शांत दिसणाऱ्या पाण्यालाही एक थरथर असते, कधीच न थांबणारी आणि कधीच न दिसणारी. झटका अचानक असेल तर त्या थरथरीला अंग येतं. जिथे काही नव्हतं तिथून लाटा उठतात, आणि त्या जोडीनंच उठतात. एक डावीकडे धावली की दुसरी तितक्याच वेगानं उजवीकडे. जन्मतःच एकमेकींत गुंतलेल्या. जोडीतल्या एकीला पेटीच्या वरच्या कप्प्यात आणि दुसरीला खालच्या कप्प्यात नेऊन दोघींना जमीन किती ओढते ते ताडून पाहायचं. खाली भरीव असेल तर ओढ एक, पोकळ असेल तर केसभर कमी. एरवी तो केसभर फरक गोंगाटात हरवला असता. पण गुंतलेल्या जोडीचा गोंगाट एकमेकींना खोडून टाकतो आणि जमिनीचं म्हणणं तेवढं मागे उरतं.

भांडण होतं ते उष्णतेशी. एसी दमला आणि पेटीत ऊब शिरली, की उष्णतेनंही लाटा उठतात. दिसायला तशाच. पण त्या बाजारातल्या गर्दीसारख्या, डावीकडच्यांचा उजवीकडच्यांशी मेळ नसलेल्या. गुंतलेल्या लाटांत डावीकडे एक्केचाळीस मोजल्या तर उजवीकडेही एक्केचाळीसच्या आसपासच निघतात. हजार झटके द्यायचे, हजार वेळा दोन्ही बाजू मोजायच्या. दोन्हींतला फरक एका ठरावीक रेषेच्या खाली राहिला, तर जोड्या शाबूत आहेत. कुठलीही उष्णता तसा मेळ जमवू शकत नाही. उलट ऊब शिरली की सगळ्यात आधी मोडतो तो हाच मेळ. म्हणजे जोडी शाबूत असेल तर आकडा वाकडा का आला याचं खापर उन्हावर फोडता येत नाही.

हजार झटक्यांना चाळीस मिनिटं लागतात. रोजच्या फेरीत तेवढा वेळ नसतो, म्हणून नव्वद झटक्यांवर भागवायचं आणि शंका आली तर उ मारायचा. हातपुस्तिकेतच तसं लिहिलं होतं. उ मारलेला आकडा मुख्य कचेरीत कुणी बघत नसे.

चाळीस मिनिटांनी पडद्यावर रेषा उमटली. फरक रेषेच्या खाली होता, चांगला खाली. जोड्या शाबूत.

सुकेशिनीनं पाणी प्यायलं. तिच्या मनात आलं ते करायला हात धजत नव्हता, पण केलं. अकरा दिवसांचे नव्वद-नव्वद झटके यंत्राच्या स्मरणात पडून होते. एकत्र केले तर नऊशे नव्वद. तिनं ते एकापुढे एक लावून मोजले. जोड्या शाबूत. पहिल्या दिवसापासून शाबूत. यंत्र अकरा दिवस खरं सांगत होतं आणि ती अकरा दिवस त्याच्या तोंडावर हात ठेवत होती.

सतरा नंबरखाली पोकळी होती, एखाद्या सभागृहाएवढी. आणि ती एका जागी नव्हती. छताचा दगड थराथरानं खाली गळत होता, पोकळी वर वर सरकत होती. अकरा दिवसांत सव्वा मीटर. अंगणवाडीच्या फरशीखाली आता जेमतेम नऊ मीटर जमीन उरली होती, आणि त्यातली वरची पाच मीटर तर नुसती काळी माती.

तिनं दार उघडलं, रस्ता ओलांडला, अन्वीला खरकट्या हातांसकट उचललं.

‘‘अवं, ताटली तं संपू दे तिची!’’ अंगणवाडी सेविका रंजूताई आत्राम आतून ओरडल्या.

वर्ग सुटायला दहाच मिनिटं होती. सुकेशिनी काही बोलली नाही. त्या दहा मिनिटांची लाज तिला पुढे बरेच दिवस पुरली.

*

विभागप्रमुख कोतपल्लीवार साहेब सभ्य माणूस. समोरच्याला आधी ताक विचारणारा.

‘‘घ्या, मठ्ठा आहे. उन्हातून आलात.’’

‘‘सर, सतरा नंबर आजच्या आज रिकामा करायला हवा. सव्वीस मुलं बसतात तिथे. माझी धरून सत्तावीस.’’

त्यांनी तिचे आलेख पाहिले, चष्मा वर करून, मग खाली करून. ‘‘काम चांगलं आहे. पण अंगणवाडी हलवायची तर बालविकास कार्यालयाचं पत्र लागतं. ते पत्र देण्याआधी बोअर मारून बघा म्हणतात. आणि बोअर मारायची परवानगी खाणवाले केव्हा देतात? एक, रीडिंग स्वच्छ असेल तेव्हा. दोन, भराईच्या नोंदीबद्दल शंका असेल तेव्हा.’’ त्यांनी दोन बोटं दाखवली आणि एकेक मिटलं. ‘‘रीडिंग तुमचं तापलेलं. नोंद त्यांची भरलेली.’’

‘‘रीडिंग तापलेलं नाही. जोडी-तपासणी समोर आहे तुमच्या.’’

‘‘आजची. एक दिवस. त्याआधी अकरा दिवस उष्णताबाधित कुणी लिहिलं?’’

‘‘मी.’’

‘‘उद्या त्यांचा वकील हेच विचारेल. बाई, तुम्ही अकरा वेळा खोट्या की बाराव्यांदा?’’

‘‘सर, मागचे अकराही मी आज तपासले आहेत...’’

‘‘मागून तपासले. मुलीचं नाव घातल्यावर.’’ त्यांचा आवाज मऊ झाला. ‘‘मी समजू शकतो. तुम्ही आई आहात.’’

त्या ‘आई आहात’नं तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हजार झटक्यांचा हिशेब या माणसानं एका शब्दात बाळंतविड्यासारखा बांधून बाजूला ठेवला होता. आणि सगळ्यात चीड याची, की तो खोटं बोलत नव्हता. मुलीचं नाव घातल्यावरच तिनं तपासलं होतं.

‘‘शिवाय हे बघा.’’ त्यांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे फिरवला. खाणीच्या जुन्या वहीचं पिवळं पान. दालन सहा-ब. पुढे निळ्या शाईत एकच शब्द, ‘भरलं’. आणि खाली वळणदार सही. दौ. गो. निमसरकार, भराई मुकादम.

‘‘तुमचे कोण?’’

‘‘सासरे.’’

‘‘म्हणजे एका घरातल्या दोन सह्या. एक म्हणते खाली भरलंय, एक म्हणते वर तापलंय. मी तिसरं काही कशाच्या जोरावर मानू?’’

मठ्ठ्याला हात न लावता ती उठली. जिना उतरताना तिला वाटलं, ग्लास निदान फोडायला तरी हवा होता.

*

घरी कूलर घरघरत होता. मामाजी, म्हणजे तिचे सासरे दौलत निमसरकार, बनियनवर पडवीत बसून अन्वीला खरबुजाच्या बिया सोलून देत होते. एकाहत्तर वर्षांचे, दोन्ही कानांनी जरा कमी ऐकणारे. वसाहतीत त्यांना अजून ‘भराईवाले बाबा’ म्हणत. प्रज्वल, तिचा नवरा, पहिली पाळी करून नुकताच आला होता.

तिनं अन्वीला आत कार्टून लावून दिलं आणि दार ओढून घेतलं.

‘‘मामाजी, सहा-ब भरलं होतं का?’’

‘‘हाव, भरलं ना.’’

‘‘तुम्ही डोळ्यांनी पाह्यलं?’’

‘‘वहीत हाय ते.’’

‘‘वही मी पाहून आले. मी डोळ्यांचं विचारते.’’

मामाजींनी बी दाताखाली धरली, फोडली नाही. ‘‘तुही ती पेटी काय सांगते?’’

‘‘पोकळ सांगते.’’

‘‘पेट्या कायबी सांगतात. खाली उतरली होती का तुही पेटी? आम्ही तीस वर्सं उतरलो. लोखंडी सबलीनं छत ठोकून पाह्याचं. टणक वाजलं तं बसा, डब वाजलं तं पळा. कान होते बाई आमचे, मशिनी नवत्या.’’

‘‘आम्ही पण ठोकूनच पाहतो, मामाजी. एकदम शांत ढग असते, त्याला एक झटका द्यायचा अन् काय उठते ते ऐकायचं. बस, तेवढंच.’’

हे त्यांना कळलं. तिला दिसलं की कळलं. बी हातातच राहिली.

‘‘मंग काय वाजलं?’’

‘‘डब.’’

त्यांनी ती बी खाली ठेवून दिली.

‘‘पाइप जाम झाला होता,’’ मामाजी शेवटी भिंतीकडे बघून म्हणाले. ‘‘नदीवरून रेती येनं बंद झालं होतं. तीन पाळ्या आम्ही कोरडे बसलो. सहा-अ भरलं, सहा-ब तसंच. मॅनेजर म्हणे, उद्या खदान बंद कराची हाय, वरून तपासाले येऊन रायले, लिही भरलं. मी म्हटलं, साहेब, रेती? तं म्हणे, वर कोन रायते? पळसाचं रान हाय वर.’’

‘‘आणि तुम्ही लिहिलं.’’

‘‘तवा रानच होतं, सुकू. वसाहत मागून वाढली.’’

‘‘मागून वाढली तेव्हा बोलायचं होतं! अंगणवाडीचा पाया खणला तेव्हा तुम्ही नारळ फोडायला होता, मामाजी! फोटो आहे भिंतीवर! अन् मी आज सकाळी माझ्या हातानं...’’

‘‘हळू बोल, अवं,’’ प्रज्वल मध्ये पडला. ‘‘झालं ते झालं. तू उद्यापासून अन्वीले नको पाठवू. माझ्या मावशीच्या घरी ठेवू काही दिवस. साहेबाले सांगितलं तू, कागद दिला, तुझं काम झालं.’’

‘‘बाकीच्यांचं?’’

‘‘बाकीच्यांचे मायबाप आहेत ना.’’

‘‘त्यांच्या मायबापाकडे पेटी आहे का? त्यांना कोण सांगेल? तू सांगशील? जा, सांग त्या शेखच्या जोयाच्या आईला, की आमची पोरगी मावशीकडे गेली, तुमची बसू द्या भोकावर!’’

‘‘मग बाबाले काय जेलात घालतं का?’’ आता प्रज्वलही ओरडला. ‘‘लोक थुंकतील दारावर! ज्यानं लिहाले लावलं तो मॅनेजर पुण्यात नातवंडं खेळवून रायला, अन् थुंकी कोनावर? माह्या बापावर!’’

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून तिला आणखी राग आला. तिला मामाजींचा राग आला, प्रज्वलचा आला, पुण्यातल्या त्या न पाहिलेल्या म्हाताऱ्याचा आला, पुस्तिकेत ‘उ’चा नियम लिहिणाऱ्याचा आला. आणि सगळे राग फिरून फिरून एकाच बोटावर येऊन बसत होते, त्या चौकोनावर अकरा वेळा टेकलेल्या तिच्या स्वतःच्या बोटावर.

‘‘मामाजी,’’ ती म्हणाली, ‘‘तुम्ही एकदा लिहिलं. मी अकरा वेळा. मी उद्या सात वाजता रंजूताईंना माझे अकरा सांगणार आहे. तुमचं तुम्ही बघा.’’

मामाजी भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. जेवायलाही उठले नाहीत.

*

सकाळी साडेपाचलाच तिनं पोचूभाऊला बोलावून घेतलं. तो कुरकुरत आला, पण आला. अंगणवाडीपासून दोनशे पावलांवर बुद्धविहार होतं. त्याच्या पायरीशी गाडी लावून तिनं गारव्यातच पूर्ण हजार झटके मोजले. जोड्या शाबूत, ओढ पुरती. विहाराखाली कोळशाचे खांब तसेच सोडलेले असावेत. जमीन भरीव होती.

सातला पोरं येऊ लागली. रंजूताई फाटकाचं कुलूप काढत होत्या. सुकेशिनीनं रस्त्यावरच त्यांना गाठलं आणि एका दमात सगळं सांगितलं. पोकळी, नऊ मीटर, उ, अकरा दिवस. आजूबाजूला पोरांना सोडायला आलेल्या सातआठ आया उभ्या राहिल्या.

रंजूताईंनी ऐकून घेतलं. कुलूप हातात घट्ट धरून.

‘‘काल तुही पोरगी उचलून नेली तू. खरकट्या हातानं.’’

‘‘हो.’’

‘‘तवा माह्या खोलीत सव्वीस लेकरं होते. मले सांगितलं नाई.’’

‘‘नाही सांगितलं.’’

‘‘अन् त्याच्या आंधी अकरा दिवस हेच लेकरं होते. रोज तुही गाडी इथं उभी रायची. पोरं टाटा करत तुले. तवा तुह्या पेटीले नाई दिसलं?’’

‘‘पेटीला दिसलं होतं, ताई. मी बघितलं नाही.’’

‘‘काहून? आमचे लेकरं तापलेलेच असतात म्हनून?’’

कुणीतरी मागून ‘थू’ केलं. सुकेशिनी मान वर ठेवून उभी राहिली.

‘‘मला शिव्या नंतर द्या, ताई. पण आधी पोरं विहारात न्या. तिथली जमीन मी आत्ता पाहून आले.’’

‘‘पत्र कुठं हाय? पत्राबिगर जागा बदलली तं मले नोटीस देतात. खाऊ इथंच वाटाचा, फोटो इथलाच लागते. काल तापलेलं म्हनत होती, आज पोकळ म्हनते, उद्या म्हनशील मशीन बिघडली होती! कोनाच्या भरवशावर हलवू मी?’’

‘‘माह्या,’’ मागून आवाज आला.

मामाजी स्वच्छ पांढरा सदरा घालून आले होते, आणि बरंच अंतर चालल्यानं धापा टाकत होते. प्रज्वल दहा पावलं मागे, खाली मान घालून.

‘‘रंजू, तुह्या शाळेखाली सहा-ब हाय. सहा-ब भरलं म्हनून मी लिहिलं. मी, दौलत निमसरकार. एक टोपली रेती पडली नाई तिथं.’’ ते कमी ऐकत म्हणून मोठ्यानं बोलत, त्यामुळे पार पाण्याच्या टाकीपर्यंत ऐकू गेलं. ‘‘खोटं लिहिलं. कागदावर पाह्यजे तं कागदावर लिहून देतो. पोरं काढ.’’

मग जोयाची आई, नसरीन शेख, कमरेवरच्या पोरीला सावरत फाटकापासून मागे सरली. ‘‘बाबा, तुम्हीच नारळ फोडला होता ना इथं?’’

‘‘हाव, माय.’’

‘‘शरम नाही वाटली?’’

‘‘वाटली. म्हनून तं जोरात फोडला.’’

रंजूताईंनी कुलूप पुन्हा फाटकाला लावलं. मग वळून टाळ्या वाजवल्या. ‘‘चला रे, आगगाडी करा! एकमेकांचे सदरे धरा! आज विहारात शाळा!’’ सुकेशिनीजवळून जाताना त्या तोंड न वळवता म्हणाल्या, ‘‘नोटीस आली तं तुह्या दारात आनून चिकटवीन.’’

*

मामाजींच्या कबुलीच्या कागदानं साहेबांनी मिटलेलं दुसरं बोट उघडलं. नोंदीबद्दल शंका आली म्हटल्यावर खाणवाल्यांना बोअरला नाही म्हणता आलं नाही. चौथ्या दिवशी अंगणवाडीच्या अंगणात ड्रिलची गाडी लागली.

सगळी वसाहत दोरीपलीकडे उभी होती. निमसरकारांच्या दाराला इतक्या दिवसांत कुणी काळं फासलं नव्हतं, पण सकाळचं दूधही कुणी आणून दिलं नव्हतं. मामाजी घरीच थांबले होते. त्यांच्यावर गुन्हा दाखल व्हायचा होता. प्रज्वल तिच्याशी कामापुरतं बोलत होता.

पहिले पाच मीटर काळी माती. मग पिवळसर दगड. ड्रिलवाला तेलुगू गाणं गुणगुणत लिव्हर धरून बसला होता. आठव्या मीटरला गाणं बंद झालं. त्यानं हात वर केला. आणि सगळ्यांदेखत तो लोखंडी दांडा, इतका वेळ इंचाइंचानं जाणारा, एकाएकी सुटला. खडाडत सव्वातीन मीटर खाली गेला आणि साखळीला लटकत राहिला.

भोकातून वारा बाहेर आला. थंड, ओलसर, अठ्ठावीस वर्षांचा कोंडलेला. त्या उन्हात त्या वाऱ्याच्या झुळकीनं लोक दोन पावलं मागे हटले.

सुकेशिनीला वाटलं होतं, हा क्षण आला की छातीवरचं ओझं उतरेल. उतरलं नाही. आठव्या मीटरला हात वर झाला होता. तिच्या हिशेबानं नऊ हवे होते. म्हणजे या चार दिवसांत छत आणखी मीटरभर वर आलं होतं, पत्रं लिहिली जात असताना.

‘‘कमाल!’’ कोतपल्लीवार साहेब तिच्याजवळ आले. डोक्यावर टोपी, हातात फाइल. ‘‘दिल्लीहून फोन होता. भारतात पहिल्यांदाच गुंतलेल्या जोड्यांनी एवढी उथळ पोकळी धरली. तुमचं नाव मी पाठवतोय.’’

‘‘आभारी आहे.’’

‘‘एक लहानसं काम राहिलं.’’ त्यांनी आवाज खाली आणला. ‘‘ते अकरा दिवसांचे उ. ते मी काढून टाकतो, मला तेवढी परवानगी आहे. तुम्हीच तर म्हणालात ना, जोड्या पहिल्या दिवसापासून शाबूत होत्या? मग रीडिंग स्वच्छच होतं. म्हणजे यंत्रानं पहिल्याच दिवशी पकडलं, असं होईल. खोटं काहीच नाही त्यात. तुमच्यावरही काही येणार नाही.’’

‘‘आणि बाकीच्या जागांचे उ? जिल्ह्यातले?’’

‘‘ते खरोखर तापलेले असतील.’’

‘‘असतील?’’

ते हसले. ‘‘मॅडम, हजारांनी आहेत ते. तुम्ही आजचा दिवस आनंदात घालवा.’’

सुकेशिनीनं त्यांच्या फाइलमधला एक कोरा कागद मागून घेतला. मग दोरीखालून वाकून ती रंजूताईंकडे गेली.

‘‘ताई, हजेरी द्या जराशी.’’

‘‘कायले?’’

‘‘लिहायचं आहे.’’

रंजूताईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं, आणि पिशवीतून हजेरीची वही काढून दिली.

गाडीच्या तापलेल्या बॉनेटवर दुपट्टा अंथरून, त्यावर कागद ठेवून ती लिहीत राहिली. पोचूभाऊनं न सांगता तिच्या डोक्यावर छत्री धरली. चांगली वीस मिनिटं लागली. मग तिनं कागद कोतपल्लीवार साहेबांच्या हातात दिला.

त्यात लिहिलं होतं, की मी, सुकेशिनी प्रज्वल निमसरकार, हिनं सतरा नंबरच्या जागी लागोपाठ अकरा दिवस जोडी-तपासणी न करता ‘उ’ लिहिला. तो उन्हामुळे नव्हे, सवयीनं लिहिला. तो खोडू नये. या जिल्ह्यात जिथे जिथे उ लिहिला आहे, तिथे तिथे तो असाच लिहिला गेला असण्याची शक्यता धरून प्रत्येक जागा नव्यानं मोजावी. आणि त्या अकराही दिवशी त्या खोलीत खालील मुलं बसलेली होती. पुढे नावं. रिद्धी गेडाम. आरुष टेकाम. जोया शेख. सम्यक दुर्गे. परी वाढई. एकाखाली एक, वयासकट.

साहेबांनी वाचलं. त्यांचा सभ्यपणा कुठेतरी अडकला. ‘‘एवढी नावं कशाला? ‘सव्वीस मुलं’ म्हटलं तरी चाललं असतं. आकडा पुरे झाला असता.’’

‘‘आकड्यालाच तर उ मारता येतो, सर.’’

त्यांनी पुन्हा एकदा यादीवरून बोट फिरवलं, वरून खाली, मग खालून वर. काहीतरी चूक सापडल्यासारखे थांबले.

‘‘यात तुमच्या मुलीचं नाव दिसत नाही.’’

‘‘नाही,’’ सुकेशिनी म्हणाली. ‘‘ती बाराव्या दिवशी आली.’’